सार्क मागवताना: अख्खे एन्झाइम की नुसता कायनेज भाग?

‘तुमचे एन्झाइम मेलेले आले!’ ही तक्रार आमच्याकडे सगळ्यात जास्त येते ती पूर्ण लांबीच्या सार्क (Src) कायनेजबद्दल, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या एका एन्झाइमबद्दल. (उच्चार तोच, पण शेजारी देशांच्या संघटनेशी याचे काही नाते नाही.) कधी पार्सल रखडते, ड्राय आइस उडून जातो, तेव्हा आम्ही कुपी बदलून देतो. बहुतेक वेळा मात्र एन्झाइम धडधाकट असते, फक्त त्याला कुलूप लागलेले असते. आणि हे कुलूप त्याच्याच अंगचे.

सुपारीचा अडकित्ता डोळ्यांसमोर आणा. कायनेज डोमेनचेही (डोमेन म्हणजे प्रथिनाचा स्वतंत्र घडी असलेला तुकडा) असेच दोन भाग, मध्ये फट. फटीत एटीपी हा फॉस्फेट पुरवणारा रेणू बसतो आणि त्याचा एक फॉस्फेट दुसऱ्या प्रथिनाच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर चढतो. दोन्ही भाग हलले तरच हे जमते. अडकित्त्याच्या मुठी दोरीने करकचून बांधल्या तर धार शाबूत असूनही सुपारी फुटायची नाही. सार्कमध्ये दोरीचे काम एसएच2 आणि एसएच3 ही डोमेन करतात. सीएसके नावाचे दुसरे कायनेज सार्कच्या शेपटीतल्या 527व्या टायरोसिनवर फॉस्फेट लावते आणि एसएच2 तो पकडून बसते. एसएच3 धरते ती एसएच2 आणि कायनेज यांना जोडणारी पट्टी. दोन्ही पकडी पाठीमागून. फटीत बोळा कोणी कोंबलेला नसतो.

शिवाय ही सुरगाठ आहे. शेपटीचा क्रम एसएच2ला जेमतेमच जुळतो. पेशीत त्याहून चांगले जुळणारे फॉस्फोटायरोसिन (फॉस्फेट चढलेले टायरोसिन) समोर आले, की एसएच2 शेपटी सोडून तिकडे वळते. कायनेज मोकळे होते, 416व्या टायरोसिनवर फॉस्फेट चढतो आणि काम भरधाव सुरू होते. प्रयोगशाळेत हेच पीवायईईआय क्रमाचे, टायरोसिनवर फॉस्फेट असलेले पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) घालून पाहता येते. एमएस्सीच्या प्रात्यक्षिकाला यापेक्षा देखणा प्रयोग आम्हाला तरी माहीत नाही.

कुलूपच नसले तर काय होते, हे कोंबड्यांनी दाखवले. पेटन राऊस यांनी 1911 साली कोंबडीच्या गाठीचा गाळलेला, पेशी नसलेला रस दुसऱ्या कोंबड्यांना टोचला आणि त्यांनाही गाठी आल्या. त्या रसातल्या विषाणूच्या सार्कला 527वाली शेपटीच नाही. राऊसना नोबेल मिळाले ते 1966 मध्ये!

आता खरेदीचे. एटीपीच्या जागी बसणारे रेणू तपासायचे असतील, तर नुसता कायनेज भाग घ्या. क्रियाशीलतेचे आकडे भरघोस येतील. नियंत्रण पाहायचे असेल तर अख्खे एन्झाइम हवे, आणि सुरुवातीचे आकडे कमी येणार हे धरून चाला. एसएचपी2 या फॉस्फेटेजच्या (फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एन्झाइमच्या) बाबतीत तर चूक महागात पडते. तिथे एसएच2 डोमेन थेट फटीतच बोळ्यासारखे बसते, आणि 2016 साली प्रसिद्ध झालेला एसएचपी099 हा रेणू डोमेनांमधल्या खाचेत शिरून तो बोळा पक्का करतो. नुसत्या उत्प्रेरक भागावर तो तपासाल तर काहीच दिसणार नाही, आणि दोष आमच्या कुपीला लागेल.

अँटिबॉडी घेणाऱ्यांसाठी: 416 आणि 527 हे क्रमांक कोंबडीच्या सार्कचे, मानवी सार्कमध्ये तेच टायरोसिन 419 आणि 530. आमच्या लेबलांवर कोंबडीचे क्रमांक आहेत, दोनदा मागवू नका. ब्लॉटसाठी (पडद्यावर प्रथिने उतरवून अँटिबॉडीने शोधण्याच्या चाचणीसाठी) दुधाची पावडर वापरू नका. त्यातल्या केसीनवरच फॉस्फेट असतात, पार्श्वभूमी काळी होऊ शकते, बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) घ्या. पेशी फोडतानाच व्हॅनाडेट हे फॉस्फेटेज रोखणारे रसायन घाला, नाहीतर पेशीतली फॉस्फेटेज फॉस्फेट उडवून मोकळी होतात. त्यात डीटीटी किंवा ईडीटीए ही प्रयोगशाळेतली नेहमीची रसायने पडली तर व्हॅनाडेट निकामी होते.

कुपी आली की बर्फावर वितळवून लगेच लहान वाटे करा आणि उणे 80ला ठेवा. मागणीपत्रावर ‘अख्खे’ की ‘कायनेज भाग’ यापुढे खूण करा. खूण नसेल तर आम्ही फोन करून विचारतो, आणि पार्सल एक दिवस उशिरा निघते.