मंगळवारी येणारा रविवारचा थकवा

'जरा हिंडत-फिरत जा, बरं वाटेल,' असं आम्ही घरचे सगळेच मावशीला सांगायचो. ती ऐकायची. रविवारी तासभर फिरून हसतमुखाने परतायची. मंगळवारी मात्र तिला उठून दात घासणंही जमायचं नाही. या दोन दिवसांचा संबंध आमच्या लक्षात यायला वर्ष गेलं.

मावशीला होता तो क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा दीर्घ आजार; त्याची हीच खूण. झेपण्यापलीकडे श्रम झाले की बहुधा 12 ते 48 तासांनी आजार उसळतो आणि कित्येक दिवस, कधी आठवडेही मुक्काम ठोकतो. श्रम म्हणजे फक्त चालणं नव्हे. लांबलेला फोन, हिशेबाचे कागद, रडणंसुद्धा.

शाळेतलं श्वसन आठवा. ग्लुकोजच्या एका रेणूपासून तंतुकणिका, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं (मायटोकॉन्ड्रिया), ऑक्सिजन वापरून सुमारे 30 एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळवून देतात. ऑक्सिजनवरची ही यंत्रणा पुरी पडेना की पेशी विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनविना चालणाऱ्या, मार्गावर जास्त भार टाकते. तिथे मिळतात फक्त 2, शिवाय लॅक्टेट साचतं. या वळणाला विनॉक्सी उंबरठा म्हणतात. निरोगी माणूस तो धावत जिना चढताना ओलांडतो. आजार तीव्र असेल तर उभ्याने आंघोळ करतानाही ओलांडला जातो. तो मोजताही येतो. सलग दोन दिवस सायकल चालवायला लावून श्वासातले वायू तपासतात. बैठ्या सवयीच्या निरोगी माणसाचे आकडे दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढेच येतात. या रुग्णांमध्ये मात्र उंबरठ्यापर्यंत झेपणारं काम दुसऱ्या दिवशी घटलेलं आढळतं. नुसती व्यायामाची सवय सुटल्याने असं होत नाही. दोष तंतुकणिकांत की रक्तपुरवठ्यात, यावर वाद आहे. पण हा आळस नाही, एवढं नक्की.

उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 मध्ये या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार नाकारला. तंतुकणिकांना 'ताकद देणाऱ्या' महागड्या पावडरींच्याही नादी लागू नका. हा आजार बरा करणारं औषध अजून नाही.

घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते चांगल्या दिवसावर, कारण नेमक्या त्याच दिवशी रुग्ण साठलेली कामं उपसायला घेतो. न्हाणीघरात स्टूल ठेवा. भेट वीस मिनिटांत आटपा. आणि 'त्रास झाला का?' हे निघताना विचारू नका, तिसऱ्या दिवशी विचारा.