सांताचा लाल डगला कोकाकोलाने शिवलेला नाही

डिसेंबर उजाडला की व्हॉट्सॲपवर तोच मजकूर फिरू लागतो: सांताक्लॉज मुळात हिरवा होता, कोकाकोलाने त्याला आपल्या रंगात रंगवला आणि नाताळचा बाजार मांडला. ऐकायला झकास, पण खोटं.

कोकाकोलासाठी हॅडन सन्डब्लॉम यांनी सांता रंगवायला घेतला तो १९३१ मध्ये. त्याच्या पन्नास वर्षं आधीच टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराचा ढेरपोट्या, दाढीवाला सांता 'हार्पर्स वीकली'त झळकला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'पक' मासिकाच्या मुखपृष्ठावरही तो लाल डगल्यात दिसतो. गंमत म्हणजे शीतपेयवाल्यांतही कोकाकोला पहिली नाही. व्हाइट रॉक कंपनीने १९२३ मध्ये जिंजर एल खपवायला सांतालाच उभं केलं होतं. हिरवे, तपकिरी सांता होते, हे मात्र खरं.

बाजारही १९३१ मध्ये सुरू झाला नाही. सांता ज्याच्यावरून आला तो मूळ संत निकोलस हा आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. त्याचा सण ६ डिसेंबरचा. १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्रात छापलेल्या कवितेने त्याला रेनडियरच्या गाडीत बसवून धुराड्यातून घरात उतरवलं. त्या कवितेत ना चर्च, ना येशू! ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ साजरा केल्यास पाच शिलिंग दंड होता, तिथेही पुढे दुकानांच्या काचा सजल्या. १८७० मध्ये तर अमेरिकी संसदेने नाताळची सुट्टीच जाहीर केली. कोकाकोलाचा जन्म त्यानंतर सोळा वर्षांनी.