कामगारांसाठी फ्लूची लस: दक्षिण गोलार्धाची की उत्तर गोलार्धाची?

जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या किंवा पाइपच्या कारखान्याने कामगारांना फ्लूची लस द्यायची ठरवली आणि मे महिन्यात कोटेशन मागवलं, तर त्यात दोन ओळी दिसू शकतात. एक ‘एसएच 2026’, दुसरी ‘एनएच 2025-26’. डोस दोन्हींचा 0.5 मिली, सिरिंज सारखी, डबाही जवळपास तसाच. एसएच म्हणजे दक्षिण गोलार्ध, एनएच म्हणजे उत्तर गोलार्ध. जळगाव विषुववृत्तापासून 21 अंश उत्तरेला, म्हणून खरेदी विभाग नकाशाच्या हिशोबाने ‘उत्तर’वर टिक करतो. जुन्या हंगामाचा माल असल्याने तिचा दर कमी लावलेला असेल, तर प्रश्नच मिटला. मे महिन्यात केलेली ही खरेदी मात्र जवळजवळ नेहमी चुकते.

या नावांचा संबंध लस कोणत्या देशातल्या माणसाला टोचायची याच्याशी नाही. ते उत्पादनाचं वेळापत्रक आहे. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीचा मसाला, म्हणजे तिच्यात कोणते विषाणू घालायचे ते, ठरवते. फेब्रुवारीत उत्तरेच्या येत्या हिवाळ्यासाठी, सप्टेंबरात दक्षिणेच्या पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यासाठी. तिथून पुढे कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस तयार व्हायला साधारण सहा महिने जातात. म्हणजे फेब्रुवारीचा निर्णय सप्टेंबर-ऑक्टोबरात दुकानात दिसतो आणि सप्टेंबरचा निर्णय एप्रिल-मेच्या सुमारास.

आता आपलं कॅलेंडर. काश्मीर सोडलं तर भारताच्या बऱ्याच भागात फ्लूची मोठी लाट पावसाबरोबर येते. पुणे, नागपूर या केंद्रांवरच्या नोंदीही तेच सांगतात; श्रीनगरमध्ये मात्र ती हिवाळ्यात येते. आपल्याकडे जानेवारी ते मार्च अशी दुसरी लाटही असते आणि ती दर वर्षी सौम्यच असेल असं धरून चालू नये. 2015 च्या सुरुवातीला स्वाइन फ्लूने महाराष्ट्राला चांगलंच गाठलं होतं. तरी वर्षातून एकदाच लस द्यायची तर धुळे-जळगावच्या बारमाही कारखान्याने पावसाळा धरावा. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि पुढच्या काही महिन्यांत ते ओसरत जातं. जूनच्या मध्यात पाऊस धरला, तर शिबिर मेच्या शेवटच्या आठवड्यात व्हायला हवं, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास ठेवू नका, निम्मी मंडळी गावाला गेलेली असतात. आणि श्रावणात कानबाईच्या सणाला सगळं भाऊबंद एका घरात जमतं, तोवर लशीविना राहिलेलं परवडत नाही.

डबा हातात आला की आधी साल बघा. एकच साल म्हणजे दक्षिण गोलार्ध, जोडसाल म्हणजे उत्तर. त्याच्या खाली विषाणूंची नावं असतात, उदाहरणार्थ ‘ए/व्हिक्टोरिया/4897/2022 (एच1एन1)’. पहिलं अक्षर विषाणूचा प्रकार, मग तो जिथे सापडला ती जागा, मग प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक, शेवटी साल आणि कंसात उपप्रकार. ही ओळ वाचायला अर्धा मिनिट लागतो, पण खरेदीचा निकाल तिथेच लागतो. 2025 ची दक्षिणेची लस आणि 2025-26 ची उत्तरेची लस यांचा मसाला एकच होता: वरचा व्हिक्टोरिया, एच3एन2 मधला क्रोएशिया आणि बी गटातला ऑस्ट्रिया. त्या वर्षी ‘कुठलीही घ्या’ म्हणणारा विक्रेता मसाल्यापुरता खरा होता. 2026 च्या दक्षिणेच्या लशीत मात्र ए गटातले दोन्ही विषाणू बदलले, ऑस्ट्रिया तेवढा राहिला. म्हणून मे 2026 मध्ये उरलेली 2025-26 ची पेटी मुदतीत असली तरी एक पिढी मागची आहे. एक्सपायरी डेट लस टिकण्याबद्दल सांगते, विषाणूशी जुळण्याबद्दल नाही. परचेस ऑर्डरवर ‘फ्लूची लस, 200 नग’ एवढंच लिहिलं, तर विक्रेता काय पाठवेल ते त्याच्या फ्रिजमध्ये काय उरलंय यावर ठरतं. गोलार्ध, साल आणि किमान शिल्लक मुदत ऑर्डरवरच लिहा.

याच वेळी ‘तीन घटकांची की चार घटकांची’ हाही वाद निघतो. घटक म्हणजे लशीतले विषाणू; चौथा घटक बी गटातलाच दुसरा, बी/यामागाता. तो मार्च 2020 नंतर जगात खात्रीने आढळलेला नाही आणि 2023 पासून जागतिक आरोग्य संघटनाच तो वगळायला सांगते. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

उत्तरेची लस खानदेशात निरुपयोगी आहे असं मात्र नाही. जिनिंग बघा. कापूस येतो दिवाळीच्या आगेमागे, गठाण बांधायचं काम फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतं आणि बरेच मजूर तेवढ्यापुरतेच येतात. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवरही हंगाम थंडीचाच. या लोकांना मे महिन्यात गाठणार कुठे? आणि जानेवारीची लाट येते तेव्हा ते एका शेडमध्ये राहतात, रुई नाहीतर मिरचीच्या धुळीत खोकत असतात, त्यामुळे फ्लूचा खोकला वेगळा ओळखूही येत नाही. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ताजी उत्तरेची लस द्यावी. त्या वेळी दक्षिणेची उरलेली लस स्वस्तात मिळाली, तर वरचाच नियम उलटा लावा: आधी मसाला ताडून बघा. ज्याने जिनिंगवर नोव्हेंबरात लस घेतली आणि जूनमध्ये पाइपच्या कारखान्यात लागला, त्याला पावसाळ्याआधी दक्षिणेची द्यायला हरकत नाही. मोठ्या माणसात दोन डोसांत चार आठवड्यांचं अंतर पुरतं.

दोन लशींतला आणखी एक फरक डब्यावर छापलेला नसतो, तो हवेचा. ऑक्टोबरातलं शिबिर तुलनेने सोपं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44-45 वर असतो आणि लस 2 ते 8 अंशांतच राहायला हवी. गंमत अशी की उन्हाच्या भीतीनेच ती जास्त वेळा गोठते. फ्रीझरमधून काढलेला बर्फाचा पॅक थेट डब्याला लावला की कडेच्या सिरिंजा गोठतात, नंतर वितळून अगदी पहिल्यासारख्या दिसतात, पण त्या टाकून द्यायच्या असतात. पॅक बाहेर काढून ठेवावा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच लशीच्या पेटीत घालावा, मध्ये पुठ्ठा ठेवावा. कंपनीच्या कँटीनचा फ्रिज वापरायचाच असेल तर मधला कप्पा घ्या, दार नको आणि बर्फाच्या खणाशेजारची जागा नको. आत थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. शक्यतो लस शिबिराच्या दिवशीच आणवा म्हणजे रात्री वीज गेली की जनरेटर शोधत बसायला नको. पेटी पोचताच सही करण्याआधी आतलं तापमान बघा.

टोचणं दोन्ही लशींचं सारखंच: सिरिंज हलवून दंडाच्या स्नायूत. नग हजेरीपटावरून मागवू नका, संमतीच्या यादीवरून मागवा. भरलेल्या सिरिंजा सहसा परत घेतल्या जात नाहीत. वेळ शिफ्ट बदलायची धरा म्हणजे एकाच दिवशी दोन पाळ्या होतात. रात्रपाळीचा माणूस उपाशी पोटी उभा राहून टोचून घेतो आणि तिथेच चक्कर येऊन पडतो, म्हणून खुर्ची आणि नाश्ता आधी. ताप असेल त्याला पुढची तारीख द्या. पूर्वी याच लशीने जीवघेणी अॅलर्जी झाली असेल त्याला देऊ नका. गरोदर कामगार बाईला ही मृत (विषाणू मारून केलेली) लस चालते, उलट तिला अगत्याने द्यावी. टोचल्यावर अर्धा तास बसवा. जीवघेणी अॅलर्जी उठलीच तर डॉक्टरच्या हाताशी अॅड्रेनॅलिन हवंच, मोठ्या माणसाला 1:1000 चं 0.5 मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. सुईसकटची सिरिंज पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जाते, रोजच्या कचऱ्यात नाही. दोन दिवस दंड दुखेल, अंगात कसर वाटेल, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘लशीनेच फ्लू झाला’ ही बातमी दुसऱ्या पाळीआधी गेटवर पोचते.

कार्डावर तारीख आणि बॅच नंबरबरोबर ‘दक्षिण 2026’ किंवा ‘उत्तर 2025-26’ असं स्पष्ट लिहा आणि एक प्रत कामगाराला द्या. नुसतं ‘फ्लू लस दिली’ लिहिलेलं कार्ड घेऊन तो नोव्हेंबरात दुसऱ्या जिनिंगवर गेला, तर तिथल्या डॉक्टरला पुन्हा शून्यापासून विचारावं लागतं.