नेझ्बीच्या शेतातील शिशाच्या गोळ्या

धातुशोधक यंत्र म्हणजे एक जबरदस्त लोहचुंबक, असा समज चांगल्या शिकलेल्या लोकांतही आढळतो. तसे असते, तर इंग्लंडमधील नेझ्बी गावाजवळच्या शेतांत बंदुकीच्या गोळ्या कधीच सापडल्या नसत्या, कारण शिसे चुंबकाला चिकटत नाही. इंग्लंडच्या यादवी युद्धात १४ जून १६४५ रोजी येथे पार्लमेंटच्या सैन्याने राजा पहिला चार्ल्स याचा निर्णायक पराभव केला.

यंत्राच्या तबकडीतील वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युतधारा वाहते आणि तिचे सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र मातीत शिरून गोळीत भोवऱ्यासारख्या धारा निर्माण करते. या धारांचे क्षीण क्षेत्र वेटोळ्यापर्यंत परत येते, पण मूळ क्षेत्राच्या किंचित मागे रेंगाळत. हे कलांतर वस्तूची विद्युतवाहकता आणि आकारमान यांवर ठरत असल्याने शिशाची गोळी लोखंडी खिळ्यापासून बहुधा वेगळी ओळखता येते. अडचण आहे ती खोलीची. वेटोळ्याच्या मानाने अंतर बरेच असेल, तर जाणारे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि परतणारेही तसेच, म्हणजे अंतर दुप्पट झाले की संकेत चौसष्टपटीने क्षीण होतो.

एका पौंडात बारा भरणारी, सुमारे ३८ ग्रॅमची गोळी पायदळाच्या मस्केटची, तर तिच्याहून बरीच हलकी गोळी घोडेस्वाराच्या पिस्तुलाची. न झाडलेल्या गोळीवर साच्याची शिवण स्पष्ट दिसते. आदळलेली गोळी चपटी होते. ग्लेन फोर्ड यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी अशा गोळ्यांच्या जागा नकाशावर मांडल्या, तेव्हा त्या लढाईच्या जुन्या चित्रातील रणरेषेच्या पुष्कळ उत्तरेपर्यंत पसरलेल्या दिसल्या; राजाचे पायदळ जागीच कोसळले नसून लढत लढत मागे हटले, असा अर्थ त्यातून निघतो. लढाईपूर्वी एका सरदाराच्या भुताने राजाला सावध केल्याची दंतकथा अजून चवीने सांगितली जाते, पण भुताचे वजन करता येत नाही, गोळीचे येते.

या नकाशालाही मर्यादा आहे. पिस्तुलाच्या लहान गोळ्या खोलवर असल्या की यंत्रातून सहज निसटतात, आणि घोडदळ बरेचसे तलवारीने लढत असल्याने त्याच्या मार्गावर शिसे मुळातच कमी सांडते. नेझ्बीचा निकाल फिरवला तो पार्लमेंटचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या घोडदळाने, आणि त्याच्या हल्ल्यासाठी अभ्यासकांना आजही मुख्यतः तत्कालीन लेखी वृत्तांतांवरच विसंबावे लागते.