बोअरमध्ये सोडलेलं पाणी आपलंच राहतं?

"शेतातलं पाणी थेट बोअरमध्ये सोडा, उन्हाळ्यात आपलंच आपल्याला मिळेल," असं गावोगावी सांगितलं जातं. हे खरं नाही. महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कठीण खडकाचा. तिथं पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांत मुरतं, उताराकडे सरकतं, शेजाऱ्याच्या विहिरीतही उतरतं. त्यातून गढूळ पाणी थेट सोडलं तर गाळानं भेगा बुजतात, खतं-औषधं पिण्याच्या पाण्यात जातात. खडी-वाळूचा गाळणखड्डा हवाच!

पुनर्भरण, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणं, जरूर करा, पण त्यानं उपशाची मोकळीक मिळत नाही. 2009 च्या राज्य भूजल कायद्यानं शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर-बोअर घेण्यास मनाई केली आहे. तरीही सर्रास खोल बोअर मारल्या जातात, हे फार घातक आहे.