मालिनाल्ली की मालिनत्सिन?

मेक्सिकोतलं अ‍ॅझ्टेक साम्राज्य जिंकणाऱ्या स्पॅनिश एर्नान कोर्तेसची दुभाषी म्हणून गाजलेल्या बाईबद्दल एक गोष्ट हमखास ऐकू येते. ती 'मालिनाल्ली'च्या दिवशी जन्मली, म्हणून तिचं नाव मालिनाल्ली. त्याचंच पुढे मालिनत्सिन झालं आणि मग मालिन्चे. ऐकायला छान आहे, पण यात दोन वेगळी नावं एकाच दोरीत वळली गेली आहेत.

मालिनाल्ली हे अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतल्या पंचांगातलं बारावं दिवसचिन्ह. अशी २० चिन्हं आणि १ ते १३ आकडे सोबतीने फिरले की २६० दिवसांचं चक्र पुरं होतं. शब्दाच्या मुळाशी 'पिळणे, वळणे' असं क्रियापद आहे. मालिनाल्ली म्हणजे पीळ दिलेलं गवत. चित्रात ते बरेचदा कवटीतून नाहीतर जबड्यातून उगवलेलं दिसतं. शेजारी आकड्याइतके गोल ठिपके.

मालिनत्सिनची वाट निराळी. १५१९ मध्ये ताबास्कोत कोर्तेसला ज्या २० बायका भेट म्हणून देण्यात आल्या, त्यांतली ही एक. बाप्तिस्मा झाला, नाव पडलं मारिना. नाहुआत्लमध्ये 'र' नाही, त्याचा 'ल' होतो: मालिना. पुढे '-त्सिन' लागला, म्हणजे आपलं '-बाई' किंवा '-जी'. हाक मारताना 'मालिनत्सिने', आणि स्पॅनिश कानांना ते ऐकू आलं 'मालिन्चे'. बहुतेक अभ्यासक आज हाच उलगडा मानतात. गंमत म्हणजे लोक खुद्द कोर्तेसलाही मालिन्चेच म्हणत, म्हणजे 'मारिनाचा कप्तान'!

चित्रांतून नावं लिहिणाऱ्या जुन्या हस्तलिखितांत मात्र घोळ आणखी वाढतो, कारण गवत दिसलं म्हणजे दिवसच असं नाही. अ‍ॅझ्टेकांचा देव वित्सिलोपोच्त्ली, त्याच्या बहिणीचं नाव मालिनालशोचित्ल, गवत अधिक फूल. हे दिवसावरून पडलेलं नाव नव्हे, कारण शोचित्ल हे स्वतःच वेगळं दिवसचिन्ह आहे आणि एका दिवसाला एकच चिन्ह असतं. ठिपके असले की दिवस हे नक्की; पण वसाहतकाळात आकडा अनेकदा गळतो, त्यामुळे नुसत्या गवतावर पैज लावू नये.

चित्रात बाईचं नाव वाचायचं कसं, हे अ‍ॅझ्टेकांच्या स्थलांतराची गोष्ट चित्रांत सांगणाऱ्या बोतुरिनी कोडेक्स या हस्तलिखिताच्या पहिल्याच पानावर नीट कळतं. बेटावर पाय दुमडून बसलेली एक बाई, शेजारी गोल ढाल, आणि ढालीपासून बाईपर्यंत आलेली बारीक रेघ. ढाल म्हणजे चिमाल्ली, म्हणून ही चिमाल्मा. ढाल तिच्या हातात नाही, तिच्या नावात आहे. रेघेकडे दुर्लक्ष केलं तर बाई लढायला निघाली असं वाटेल.

अर्थात ढाल-फुलांची नावं मिरवणाऱ्या बायका थोड्याच. १५३५ ते १५४५ च्या सुमारास मेक्सिकोतल्या मोरेलोस भागात नाहुआत्लमध्येच शिरगणती लिहिली गेली. तिच्यात साध्या घरांतल्या बायका भेटतात, आणि तिथे पुन:पुन्हा तीच नावं: तेयाकापान म्हणजे थोरली, त्लाको मधली, तेइकु धाकटी बहीण, शोको शेंडेफळ. पुरुषांची नावं मात्र त्यामानाने नाना तऱ्हेची. जन्माचा दिवस नाही, ढाल नाही, नुसता घरातला क्रमांक. घरोघरी थोरली, गल्लीत दहा थोरल्या. अंगणातून हाक आली की कोण 'ओ' देत असेल देव जाणे. शेंडेफळाला मेक्सिकोत 'शोकोयोते' म्हणायची सवय मात्र अजून गेलेली नाही.