एकचाकीचं पॅडल: धातूचं की प्लॅस्टिकचं?

उतार लागला की सायकलवर पाय थांबवून नुसतं बसता येतं. एकचाकीवर ती सोय नाही. क्रँक, म्हणजे पॅडल ज्यांना बसतं ते दांडे, थेट चाकाच्या आसाला जोडलेले, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. वेग कमी करायचा तोही बहुतेकदा पायांनीच.

२० इंची चाक आणि १२५ मिमीचे क्रँक धरा. ताशी साधारण ८ किमीच्या पुढे गेलात, की वरच्या टोकाला पॅडल गुरुत्वाकर्षणापेक्षा जास्त त्वरणानं खाली खेचलं जातं. पाय सैल असेल तर मागे राहतो. बुटावरचा भार घटला की घर्षणही घटतं. अशा वेळी बुटाच्या रबरी तळव्यात रुतलेल्या पॅडलच्या पिनाच बुटाला सरकू देत नाहीत.

धातूच्या पॅडलची खरी ताकद या पिनांत आहे. त्या स्टीलच्या, टोकाला बारीक आणि आट्यांवर बसवलेल्या असतात. झिजल्या तर बदलता येतात. प्लॅस्टिकचे साच्यातच घडवलेले दाणे बोथट असतात, काँक्रीटवर घासून लवकर सपाट होतात, चिखलपाण्यात तर बूट सरळ घसरतो. पण पाय सुटला की त्याच स्टीलच्या पिना नडगी सोलून काढतात. शिकताना पाय सुटतोच, शिवाय एकचाकी दर पडण्याला पॅडलवर आदळते आणि धातूचं पॅडल लादी किंवा हॉलची लाकडी जमीन ओरबाडतं.

म्हणून शिकायला प्लॅस्टिकच घ्या. त्यातही आस स्टीलचाच असतो, त्यामुळे साध्या वापराला ते पुरतं. उंचावरून उड्या मारू लागलात की बॉडीला तडे जाऊ शकतात. डोंगरवाटेवर किंवा पावसात जायचं असेल तर धातूचं घ्या आणि शिन गार्ड बांधा. प्लॅस्टिकची बॉडी नि स्टीलच्या पिना, असंही पॅडल मिळतं. रस्त्यावर चालवणाऱ्याला आमच्या मते तेच सोयीचं.

बसवताना होणारी चूक मात्र महागात पडते. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. एकचाकी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, त्यामुळे सीट उलटी बसली तरी ध्यानात येत नाही. मग डाव्या-उजव्याची अदलाबदल होते, चालवताना पॅडल हळूहळू सुटतं आणि क्रँकचे आटे खाऊन टाकतं; पॅडल वाचतं, क्रँक बदलावा लागतो. आधी ‘एल’ खुणेचा क्रँक स्वाराच्या डाव्या हाताला आहे ना, ते पाहा. आट्यांना ग्रीस लावा, पहिले तीन-चार वेढे हातानं द्या, मग १५ मिमीच्या पान्ह्यानं दोन्ही पॅडलं पुढच्या दिशेनं आवळा. पहिल्या फेरीनंतर पान्हा पुन्हा एकदा लावून बघा.